पाणी गाडवाटेनं चालत नाही

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळायला फार कष्टही पडले नाहीत. केळीवाल्या माणसाकडे कारणांचा तोटा नसतो. कधी कापणी आलेली असते, कधी ट्रक आलेला नसतो, कधी वादळाने बाग आडवा केलेला असतो. आता बाग मुलगा पाहतो. मी सकाळी शेतात एक चक्कर मारतो, दुपारी जेवून झोपतो, संध्याकाळी ओट्यावर बसतो. गुडघे सोडले तर तब्येत ठीक आहे, घरात भांडण नाही, नातवंडं येऊन-जाऊन असतात. कारणं सगळी संपली आहेत, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव रावेरकडचं. सातपुडा घराच्या मागच्या ओट्यावरून दिसतो. माझ्या शेताला लागून आबाचं शेत. तो वयाने माझ्याएवढाच, पण गावात त्याला सगळे आबा म्हणायचे आणि मला नाना, म्हणून आम्हीही एकमेकांना तेच म्हणायचो. दोघांत बांध एकच आणि बांधावर कडूनिंब एकच. त्याखाली आम्ही दुपारच्या भाकरी सोडायचो. त्याच्या घरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मी खायचो, माझ्याकडची तो. बायका म्हणायच्या, एकमेकांच्याच घरी जेवायला जात जा, डबे तरी वाचतील.

आमच्या तरुणपणी विहिरीचं पाणी वाकून दिसायचं. मग केळी वाढली, मोटारी वाढल्या, पाणी खाली गेलं. लोकांनी विहिरी खोल केल्या, पुढे विहिरीच्या तळाशी बोअर मारले, नंतर विहीर सोडून शेतात जागा दिसेल तिथे मारले. यंत्राची गाडी गावात आली की तिच्यामागे दुसरी यायची. बांधापलीकडच्याने मारला की आपण अजून खोल मारायचा, हा तेव्हाचा हिशेब. त्यात वाईट काही आहे असं कोणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

मग नियम आले. आमच्या भागात जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलं जातं, म्हणून नवी विहीर किंवा बोअर घ्यायचा तर आधी परवानगी. आणि गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नव्या बोअरचं नाव काढायचं नाही. गावात पाण्याची समिती झाली. अर्ज आला की समितीने जागा पाहायची, अंतर मोजायचं आणि शिफारस करून तालुक्याला पाठवायचं.

"मोजणार कोण?" असा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला.

"नाना मोजतील की," कोणीतरी म्हणालं. "त्यायच्याजवळ टेप आहे."

मी समितीवर मोजणीदार झालो तो एवढ्याच लायकीवर. माझ्याकडे केळी लावायची टेप होती. दोन झाडांतलं आणि दोन ओळींतलं अंतर मी दोरीने नाही, टेपने धरायचो. माझ्या बागेत कुठूनही पाहिलं तरी ओळ सरळ दिसते, याचा मला अभिमान होता. आबा त्यावरून चिडवायचा, "नाना, तुह्या बागेत माकड शिरलं तरी रांगेत चालीन."

पहिलाच अर्ज माझा होता. माझी विहीर आटत चालली होती आणि नवीन कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावतात ती केळी, लावायचा होता. आबा म्हणाला, चल, मीच टेपचं टोक धरतो. आम्ही दोघं गावच्या विहिरीपासून निघालो. गाडवाटेने. ती वाट नाल्याला वळसा घालून, फरशीवरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पलीकडे येऊन, बाभळींच्या कडेने आमच्या शेताशी पोचते. आबा पुढे, मी मागे. तो टोक दाबून धरायचा, मी आकडा पाहायचो, मग तो पुढे. वाटेत त्याने बिडी ओढली, एकाच्या बैलाचे भाव विचारले. अंतर नियमापेक्षा बरंच जास्त भरलं. आम्ही खूश होऊन निंबाखाली पाणी प्यायलो.

कोणी विचारेल, सरळ का नाही मोजलं? खरं सांगतो, ते मनातही आलं नाही. आमच्याकडे कोणी विचारलं शेत किती लांब, तर उत्तर वाटेचं असतं. माणूस वाटेने जातो, बैल वाटेने जातो, तर अंतरही वाटेचंच. नाल्यावरून उडी मारून कोण मोजतं? इथपर्यंत मी चुकलो, पण लबाड नव्हतो. हा फरक मी पुढे स्वतःला फार वेळा समजावला.

परवानगी आली. बोअर लागला, पाणीही चांगलं लागलं. पेढे वाटले.

त्यानंतर काही महिन्यांनी तालुक्याहून एक माणूस गावात नियम समजावायला आला. धुळ्याकडचा होता, अंगाने किडकिडीत, बोलायला मोठा गोड. शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले. एकाने विचारलं, "साहेब, अंतर मोजायचं कसं? आमच्या विहिरीकडून वावराले जाणारी वाट लई वाकडी आहे."

तो हसला आणि त्याच्या अहिराणीत म्हणाला, "सरळ मोजानं, भाऊ. पाणी काय गाडवाटवर चालस का?"

सगळा व्हरांडा हसला. तो पुढे समजावत होता की जमिनीखाली पाणी ना फरशी पाहतं ना बांध, आणि मीही हसत होतो. हसता हसता माझी नजर आबाकडे गेली. तो हसत नव्हता. माझ्याकडे पाहत होता. मग त्यानेही मान खाली घालून हसल्यासारखं केलं.

त्याच वेळी हात वर करून मी म्हणायला हवं होतं की माझा बोअर चुकीच्या मापाचा आहे. पण खड्डा खणून झाला होता, पाइप उतरवून झाले होते, केळीला पाणी सुरू होतं. मी म्हटलं, पाहू. आणि पाहू म्हणजे काय, ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर आबाने अर्ज केला. त्याचंही माप मीच घेतलं. या वेळी सरळ. झुडपांतून, नाल्यात उतरून, पलीकडे चढून, काटे लागून पिंढऱ्या रक्ताळल्या, पण रेघ सरळ ठेवली. अंतर कमी भरलं. आबाने ज्या कोपऱ्यात बोअर मागितला होता तो विहिरीच्या फार जवळ होता. अर्ज फेटाळला गेला.

आबा निंबाखाली आला. रागावला नव्हता, पण डबा उघडला नाही.

"नाना, तुह्यं झालं, मग माह्यं कायले नाही? बांध तं एकच आहे आपला."

"नियम आता कडक झाला," मी म्हणालो.

"नियम तं तोच आहे. टेप बी तीच आहे."

मी भाकरी तोडत राहिलो. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग म्हणाला, "बरं. खाय."

त्याचं माप बरोबर होतं आणि माझं चूक, एवढंच खरं. बरोबर मापाने मी त्याला अडवलं आणि चुकीच्या मापावर स्वतः पाणी उपसत राहिलो. त्याचं शेत लांबट होतं. त्याचा दुसरा कोपरा, सातपुड्याकडचा, नियमात बसला असता. टेप हातात असलेल्या माणसाने तेवढं तरी सांगायला हवं होतं. पण तिथवर सरळ मोजत गेलो असतो तर माझा बोअर वाटेतच लागला असता आणि त्याचं खरं अंतर उघडं पडलं असतं.

त्या उन्हाळ्यात गावची विहीर बसली. दर मे महिन्यात ती खाली जायची, पण या वेळी मोटार हवा ओढू लागली. बायका नळाशी भांडू लागल्या, टँकर सुरू झाला. आणि गाव चोर शोधू लागलं.

आबाची केळी हिरवी होती. त्याला कारण होतं. बोअर न मिळाल्यावर त्याने बाग अर्धा केला होता, उरलेल्याला ठिबक घातलं होतं, कापलेल्या खोडांचे तुकडे करून झाडांच्या बुडाशी पसरले होते आणि चारी बाजूंनी शेवरी दाट लावली होती, म्हणजे गरम वारा आत शिरू नये. मी हे बांधावरून रोज पाहत होतो. गावाने मात्र फक्त पानांचा रंग पाहिला.

"भर उन्हायात असं पान राह्यतं का कुठी?" पारावर एकजण म्हणाला. "चोरून बोअर मारला भो त्यानं. विहिरीच्या आत मारला असंन, वरून दिसत नाही."

"परवानगी नाही भेटली ना, मग असंच करतीन."

"नानाचं तं कायदेशीर आहे," तिसरा म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "नाना, तुम्ही शेजारी. तुम्हीच सांगा, मारला का यानं?"

मी म्हणालो, "मले काय माहीत?"

मला सगळं माहीत होतं. त्याने बोअर मारला नाही हे मला माहीत होतं, आणि गावची विहीर कोणाच्या बोअरने ओढली असेल याचाही अंदाज होता. त्या तीन शब्दांनी आबाला नाव पडलं. पाणचोर. आमच्या गावात एकदा नाव पडलं की ते आडनावाहून पक्कं. पोरं त्याच्या बैलगाडीमागे ओरडायची. केळीचा व्यापारी बाग पाहायला आला की चहावाला सांगायचा, "पाणचोराचा बाग ना? फरशी ओलांडून उजव्या हाताले." त्यात कोणाला वाईट हेतू नसायचा, तो पत्ता झाला होता.

आबाने ते नाव कधी झटकलं नाही. उलट स्वतःच वापरायचा. लग्नात पंगतीला पाणी वाढायला उभा राहिला की म्हणायचा, "घ्या घ्या, चोराच्या हातचं पाणी गोड लागतं." लोक हसायचे. फक्त माझ्यापाशी त्याची थट्टा वेगळी असायची. हिवाळ्यात त्याच्या शेतात भरिताचा बेत व्हायचा. वाळक्या तुरकाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लांबट लाकडी बडगीत कांद्याची पात आणि मिरची घालून ठेचायची. पानावर वाढताना माझ्यापाशी आला की आबा डाव वर धरून थांबायचा.

"नाना, सरळ मोजू का गाडवाटेनं?"

बाकीच्यांना वाटायचं, नानाच्या टेपची चेष्टा चालली आहे. मीही हसून म्हणायचो, "वाढ रे भो, कसंही वाढ." तो वाढायचा, आणि गाडवाटेने मोजल्यासारखं भरपूर वाढायचा.

हे वाचून वाटेल की मी त्या वर्षांत दुःखी होतो. तसं नव्हतं. ती वर्षं चांगली गेली. मुलीचं लग्न धुळ्यात झालं, जावई भला मिळाला. गावही हळूहळू शहाणपण शिकलं. नाल्यावर बांध घातले, समितीने एकाआड एक पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या, केळी कमी करून लोक मका-हरभऱ्याकडे वळले. मी माझा बोअर बंद केला. घरी सांगितलं, मोटार जळली. मुलगा नवी आणतो म्हणाला, तर मी म्हणालो, राहू दे, ठिबकवर भागतं. पुढे त्याच बोअरच्या तोंडाशी खड्डा करून त्यात गोटे-वाळू भरली आणि शेतातलं पावसाचं पाणी त्यात सोडलं. लोक पाहायला आले, माझं कौतुक केलं. आबाही आला. खड्ड्यात पाणी गुडगुडत उतरताना पाहून म्हणाला, "परत देऊ राह्यला का?"

"हो," मी म्हणालो.

"चांगलं आहे," तो म्हणाला आणि काहीतरी ऐकायचं असल्यासारखा उभा राहिला. मी शेतातल्या चिखलाविषयी बोललो.

गावची विहीर आता मे महिन्यातही टिकते. नियम नसते तर हे झालं नसतं, हे मी कोणालाही सांगतो. पूर्वी ज्याची यंत्राची गाडी मोठी, पाणी त्याचं होतं. आता निदान विचारावं लागतं. नियम माझ्याकडून वाकला, त्यात नियमाचा दोष नाही.

आबा नंतर मुलाकडे जळगावला गेला, पिंप्राळ्यात. तिथेच गेल्या हिवाळ्यात तो गेला. भरल्या घरात, जेवून-खाऊन, फारसा त्रास न होता. मी तेराव्याला जाऊन आलो.

त्याची सून आता शेत पाहायला परत आली आहे. नवरा नोकरीसाठी जळगावलाच, ही इथे. सासऱ्यासारखीच बोलते, थोडं आणि नेमकं. यंदा तिने नव्या विहिरीसाठी अर्ज केला, सातपुड्याकडच्या कोपऱ्यात. समितीत आता तरुण मुलं आहेत, मोबाइलवर अंतर काढतात. मला मान म्हणून बोलावतात, चहा देतात. अंतर सरळ नियमात बसत होतं. तरी एकजण हसत म्हणाला, "पाणचोराच्या घरी आता परवानगीनं पाणी!"

ती खुर्चीवर बसली होती. तिने पदर नीट केला आणि खाली पाहिलं. तिचा मुलगा इथल्याच शाळेत जातो. हे नाव आता त्याच्यापर्यंत जाणार, हे मला तिच्या मान खाली घालण्यात दिसलं.

मी उठलो. गुडघ्यामुळे उठायलाच इतका वेळ लागला की सगळे गप्प झाले. मी सांगितलं की माझा बोअर कसा मोजला होता. टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं. विहीर कोणत्या उन्हाळ्यात का बसली. आबाने कधी बोअर मारला नाही, आणि पारावर मला विचारलं तेव्हा मी काय म्हणालो.

मग मघाचाच मुलगा चाचरत म्हणाला, "म्हणजे नाना, पाणचोर…"

"मी," मी म्हणालो.

मागून एक म्हातारा पुटपुटला, "आता ह्या वयात नाव बदलायले किती दिवस पुरीन ते?" त्यावर हसू फुटलं, माझंही. परवानगीची शिफारस झाली. दुसऱ्या दिवशी चहावाल्याच्या तोंडून मी ऐकलं, "आबाचा बाग, फरशी ओलांडून उजव्या हाताले." अजून अडखळतो, पण म्हणतो.

त्या दिवशी बैठकीतून बाहेर निघताना सूनबाईने मला हात देऊन पायऱ्यांवरून उतरवलं. मी विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"घरात सगळ्यांना माहीत होतं, नाना. बाबांनी पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं. हे चिडले, पारावर जाऊन बोलतो म्हणाले. बाबांनी अडवलं."

"का?"

"म्हणाले, कोणी विचारू नका. त्याचं तोच सांगीन."

म्हणजे तो वाट पाहत होता. भरित वाढताना, खड्ड्याच्या काठावर, निंबाखाली. थट्टा करून दार किलकिलं करायचा आणि मी ते हसून लावून घ्यायचो. मी त्याला मोठ्या मनाचा समजत आलो. तो होताच, पण त्याला उत्तरही हवं होतं.

त्याच्या जाण्याच्या आधी मी एकदा पिंप्राळ्याला गेलो होतो, मुद्दाम यासाठीच. रावेरहून बसने निघालो, वाक्य वाटेत पाठ केलं. भुसावळ मागे पडेपर्यंत ते दहा वेळा म्हणून झालं होतं. आबा गच्चीवर उन्हात बसला होता. मला पाहून एवढा आनंदला की सुनेला लगेच वांगी आणायला पिटाळलं. गॅसवर भाजलेल्या वांग्यांना आम्ही दोघांनी नावं ठेवली आणि सगळं भरित संपवलं. केळीचे भाव झाले, गुडघे झाले, गावातल्या सगळ्या मेलेल्यांची चौकशी झाली. ऊन कललं. मी उठलो. तो काठी टेकत फाटकापर्यंत आला. रिक्षा उभी होती.

"नाना," तो म्हणाला, "काही राह्यलं का?"

मी खिसे चाचपले. "नाही. सगळं घेतलं."

"पाह्य बरं नीट."

"टोपी आहे, पिशवी आहे," मी म्हणालो आणि रिक्षात बसलो. वळणापर्यंत तो फाटकाशी उभा होता.

बसमध्ये पाठ केलेलं वाक्य लहानच होतं. आबा, तू टेपचं टोक धरलं होतंस, तुला सगळं ठाऊक आहे. चोर मी होतो आणि नाव तुला पडू दिलं, मला माफ कर.